चुकलेली व्युत्पत्ती

आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की ओसरीवर घटकाभर बसावयाचे, ही वडिलांच्या वेळेपासूनची चाल आहे. घरात आता पूर्वीइतकी पाने होत नाहीत. तरी जी मंडळी आहेत ती या वेळी एकत्र येतात आणि दिवसभराचे बोलणे होते. गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझी पुतणी कायद्याचा अभ्यास करिते. ती संविधानाचे पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. वाचता वाचता तिने मान वर केली आणि विचारले, "अण्णाकाका, ही हिंदुस्थानी भाषा कोठली हो?"

मी म्हटले, "का ग?"

"हे बघा ना. ३५१ व्या अनुच्छेदात लिहिले आहे की हिंदीची वाढ करिताना हिंदुस्थानी आणि आठव्या अनुसूचीतील इतर भाषा यांची रूपे व शैली आत्मसात कराव्या. मी अनुसूची काढून पाहिली. प्रारंभी चौदा भाषा होत्या, आता बावीस आहेत. त्यांत हिंदुस्थानी कोठेच नाही. मग जिचे नाव यादीतच नाही ती ही भाषा आली कोठून?"

ज्याने जन्मभर मुलांना शिकविले त्याला प्रश्न आला की उत्तर देण्याची घाई होते. शिवाय लहानपणी वडिलांपाशी रूपावली आणि अमरकोश झालेला. शब्द दिसला की त्याचा विग्रह करावयाचा ही खोड हाडीमाशी खिळलेली. मी लगेच सांगून टाकिले, "त्यात कोडे कसले? हिंदूंचे स्थान ते हिंदुस्थान. तेथली ती हिंदुस्थानी."

ती म्हणाली, "म्हणजे ती हिंदूंची भाषा? मग उर्दू कोणाची?"

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि तसाच थांबलो. हे वाक्य मी पूर्वी एकदा उच्चारले होते, ते कोणापुढे आणि कोणत्या प्रसंगी हे एकाएकी आठवले. "उद्या पाहून सांगतो," असे म्हणून मी उठलो. त्या रात्री झोप नीट आली नाही.

तो प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या आसऱ्याने वसलेल्या एका गावी प्राथमिक शाळेवर होतो. शाळा सातवीपर्यंतची. मराठी, इतिहास व हिंदी हे विषय माझ्याकडे. गावात मुसलमानांची तीन-चार घरे होती. त्यांतील एका शिंप्याचा मुलगा सातवीत होता. मुलगा चलाख, हिंदीच्या तासाला त्याचा हात सर्वांच्या आधी वर जाई. एके दिवशी धडा वाचण्याची पाळी आली तेव्हा मी त्याचे नाव घेतले. तो उभा राहिला आणि सहज, घरी बोलावे तसे बोलून गेला, "मेरेकू नक्को गुरुजी, मैं कलीच पढ्या."

वर्ग हसला. मला राग आला. त्या दिवशी तपासणीस येणार अशी वार्ता होती, हेही त्याचे एक कारण असेल. पण कारणे देऊन दोष कमी होत नाही. मी म्हणालो, "खबरदार! वर्गात ही बाजारू भाषा चालणार नाही. जरा साफ बोल."

मुलगा गोंधळला. म्हणाला, "घरी आम्ही हेच बोलतो, गुरुजी. अब्बा म्हणतात, ही हिंदुस्थानी आहे."

तेव्हा मी फळ्यावर खडूने 'हिंदु + स्थान' असा विग्रह केला आणि सर्व वर्गाला ऐकू जाईल असे सांगितले की, हिंदुस्थानी म्हणजे हिंदूंच्या स्थानाची भाषा. तू बोलतोस ती छावणीतली, बाहेरून आलेली बोली. ती हिंदीही नव्हे आणि हिंदुस्थानीही नव्हे. मुलगा खाली बसला. पुढे वर्षभर हिंदीच्या तासाला त्याचा हात वर गेला नाही. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. बापाबरोबर यंत्रावर बसू लागला असे ऐकले. शाळा सोडण्यास घरची परिस्थिती कारण होती, हे मला ठाऊक आहे. परंतु हात खाली जाण्यास मीच कारण होतो, हेही मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी जुन्या पेटीतले कोश काढून बसलो, आणि वाचनालयाच्याही चार-सहा खेपा झाल्या. जे हाती आले ते येथे थोडक्यात मांडतो.

आपण मराठीत 'हिंदुस्थान' असा थकार लिहितो. उत्तरेकडे 'हिन्दुस्तान' असा तकार आहे. माझी सारी व्युत्पत्ती या एका थकारावर उभी होती, आणि थकार तर आपण संस्कृताच्या ओढीने घातलेला! मूळ शब्द फारसी घडणीचा आहे. आपल्या 'सिन्धु' शब्दातील सकाराचा इराणी भाषांत हकार होतो. आपले सप्त ते त्यांचे हप्त, आपला सोम तो त्यांचा हओम, आपला असुर तो त्यांचा अहुर. आपण कर्जाचा 'हप्ता' म्हणतो, तोही त्यांच्या सातावरूनच आलेला आणि म्हणून आपल्या 'सप्ताहा'चा नातलग. याच न्यायाने सिन्धूचे 'हिन्दु' झाले. इराणचा सम्राट दारियस याच्या शिलालेखांत सिंधुकाठच्या प्रांताला हेच नाव आहे, आणि ते लेख इसवी सनापूर्वी सुमारे पाचशे वर्षांचे आहेत. पुढे ग्रीकांनी हकारही गाळला; त्यांच्या तोंडी तीच नदी 'इंडस' झाली आणि त्यावरून इंडिया निघाले.

आता उत्तरपद. फारसीतील 'स्तान' आणि आपले 'स्थान' ही दोन सख्खी भावंडे आहेत. एक दुसऱ्यापासून उसने घेतलेले नव्हे. शकांचे स्थान ते इराणात 'सीस्तान' झाले. म्हणजे आपण थकार घातला त्यात शब्दाचे नाते तुटले नाही. माझी चूक उत्तरपदात नव्हती, पूर्वपदात होती. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात सासानी राजा पहिला शापूर याने कोरविलेल्या लेखात 'हिंदुस्तान' हे देशनाम आले आहे. अरबस्तानात इस्लामचा उदय होण्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. त्या वेळी 'हिंदु' हे एका नदीचे, त्या नदीकाठच्या प्रांताचे आणि तेथे राहणाऱ्या माणसाचे नाव होते. धर्माचा अर्थ त्याला फार मागाहून चिकटला. तेव्हा 'हिंदुस्थान' याचा विग्रह 'सिंधूकडील देश' असा व्हावयास हवा होता. त्याला ईकार लावला की 'हिंदुस्थानी'. जसे वऱ्हाडचे ते वऱ्हाडी आणि कोल्हापूरचे ते कोल्हापुरी. यात कोणाच्या देवाची वा उपासनेची चौकशी नाही. तुम्ही राहता कोठे, एवढेच या शब्दाने विचारले आहे.

नाव देशाचे, ते भाषेला कधी लागले? बाबराने आपले आत्मचरित्र तुर्की भाषेत लिहिले. १५२६ साली पंजाबात दौलतखान लोदी शरण आला तेव्हा आपले बोलणे त्याला समजावून देण्यासाठी हिंदुस्थानी भाषा जाणणारा मनुष्य बसविला, असे त्याने नमूद केले आहे. पाहण्यासारखी गोष्ट ही की, दौलतखान हा अफगाण कुळातला मुसलमान, आणि त्याच्यासाठी दुभाषी लागला तो हिंदुस्थानीचा! बाबराच्या मनात हे नाव धर्माचे असते तर हे वाक्य त्याला लिहिताच आले नसते.

त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ काळ दुसरे नाव अधिक चालत होते, ते 'हिंदवी'. अमीर खुस्रो आपल्या देशी भाषेला हिंदवी म्हणतो. विजापूरच्या पहिल्या इब्राहीम आदिलशहाने सोळाव्या शतकात फारसी दूर सारून सरकारी हिशेब हिंदवीत ठेवविले, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. आणि दफ्तरात दक्षिणी ब्राह्मण होते हे ध्यानी घेऊन कित्येक अभ्यासक येथे हिंदवी म्हणजे आपली मराठीच समजतात. हाच शब्द आपल्या भोरच्या मातीतही आहे. रोहिडखोऱ्यातील दादाजी नरसप्रभू देशपांडे यांना १६४५ साली शिवरायांनी लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, त्यात 'हिंदवी स्वराज्य' हे शब्द येतात. त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. त्या वादात मी पडत नाही. परंतु हे दोन शब्द आपण छाती भरून उच्चारतो, त्यांतील 'स्वराज्य' संस्कृत आणि 'हिंदवी' फारसी प्रत्ययाचा, हे रायरेश्वराच्या पायथ्याशी राहून मला साठी उलटेपर्यंत सुचले नव्हते.

मराठ्यांच्या तोंडी 'हिंदुस्थान' शब्दाचा अर्थ आणखी निराळा होता. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात फौज हिंदुस्थानात गेली असे लिहिले असेल, तर ती नर्मदा उतरून उत्तरेस गेली असे समजावयाचे. आपण स्वतः ते 'दक्षिणे'तले. उत्तरेकडून येऊन येथे स्थायिक झालेल्या कित्येक घराण्यांचे 'परदेशी' हेच आडनाव होऊन बसले आहे, ते त्या काळाचीच खूण. आपण गाण्याच्या मैफलीस जातो तेव्हा 'हिंदुस्थानी संगीत' म्हणतो. तेथेही कर्नाटक पद्धतीहून निराळी ती उत्तरेकडील, असाच अर्थ आहे, आणि त्या संगीतात खाँसाहेब किती आणि पंडित किती हे कोणी मोजत नाही. दूर दक्षिण अमेरिकेत सुरिनाम म्हणून देश आहे. १८७३ पासून तेथे मजुरीसाठी गेलेल्या उत्तर भारतीयांचे वंशज, मंदिरात जाणारे काय किंवा मशिदीत जाणारे काय, आपल्याला हिंदुस्थानीच म्हणवितात. सातासमुद्रांपलीकडच्या मजुरांना जो अर्थ राहिला, तो संस्कृत जाणणाऱ्या मला राहिला नाही.

'छावणीतली भाषा' या माझ्या वाक्याचेही मूळ शोधिले. तुर्की भाषेत 'ओर्दू' म्हणजे तळ, छावणी. दिल्लीच्या बादशाही तळाला व पुढे त्या शहरालाच 'उर्दू-ए-मुअल्ला' म्हणत, आणि तेथली ती उर्दू. भाषेला हे नाव पडले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे छावणीवरून नाव पडले इतकेच. भाषा छावणीत जन्मली नाही. ती दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत आधीपासून बोलली जात होतीच. मुलाचे नाव बारशाला ठेवितात म्हणून काही तो बाराव्या दिवशी जन्मत नाही!

इंग्रज आले आणि या नावाला राजमान्यता मिळाली. १७८२ साली जॉन गिलख्रिस्ट नावाचा एक शल्यवैद्य मुंबईस उतरला. शिपायांशी बोलण्यास फारसी उपयोगी पडत नाही हे त्याने पाहिले आणि ज्या भाषेत सर्वांशी बोलता येई ती 'हिंदुस्थानी' शिकून तिचा कोश व व्याकरण रचिले. १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, तेथे तो या भाषेचा अध्यापक झाला. त्याच्या हाताखाली मीर अम्मन यांनी फारसी लिपीत 'बाग़-ओ-बहार' लिहिले आणि लल्लूलाल यांनी नागरीत 'प्रेमसागर'. एकीत फारसी शब्दांचा भरणा, दुसरीत संस्कृताचा. बोलताना एक असलेली भाषा लिहिताना दोन वाटांनी चालू लागली. पुढे शंभर वर्षांत त्या वाटांना कुंपणे पडली.

ती कुंपणे काढून टाकण्याची खटपट महात्मा गांधींनी केली. उत्तरेतील हिंदू व मुसलमान सामान्य जन बोलतात ती हिंदुस्थानी, ती नागरीत लिहा किंवा फारसी लिपीत, असे त्यांचे म्हणणे. १९२५ साली कानपूरच्या काँग्रेसने आपले कामकाज शक्यतो हिंदुस्थानीत चालवावे असे ठरविले. १९४२ मध्ये वर्ध्यास हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली. त्या कार्यात साताऱ्यास जन्मलेले काका कालेलकर अग्रभागी होते. लिपीच्या प्रश्नावर न पटल्यामुळे १९४५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. दुसऱ्या बाजूस स्वातंत्र्यवीर सावरकरांचा पक्ष संस्कृतनिष्ठ हिंदीचा; हिंदुस्थानी त्यांना मान्य नव्हती. आमच्या घरी दोन्ही पक्षांचे लोक होते आणि लहानपणी त्यांचे वाद ऐकल्याचे मला आठवते. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली, आणि जी भाषा दोघांना एकत्र ठेवण्यासाठी पुढे केली होती तिच्या पायाखालची जमीनच गेली. १४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने देवनागरीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरविले. हिंदुस्थानीला अनुसूचीत आसन मिळाले नाही; ३५१ व्या अनुच्छेदात तिचे नाव मात्र राहिले. घर वाटून झाल्यावर आजीचे नाव उताऱ्यावर राहून जावे, तसा हा प्रकार आहे.

भाषाशुद्धीला मी विरोधी नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला आणि फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजिले, याचा अभिमान मला आजही आहे. आमच्या भोरचे राजघराणे १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत 'पंतसचिव' या नावाने नांदले. तो 'सचिव' शब्द त्या वेळचाच. त्यापूर्वी त्या पदाला 'सुरनीस' म्हणत. सावरकरांनी दिलेले 'दिनांक' आणि 'महापौर' आज आपण सहज वापरतो. परंतु याच इतिहासात दुसरीही एक शिकवण आहे. 'सुरनीसा'चा सचिव झाला, 'डबीरा'चा सुमंत झाला. मात्र 'मुख्य प्रधान' हे नाव मागे पडून 'पेशवा' हा फारसी शब्दच आपल्या पुण्याच्या कपाळी राहिला. आपल्यातील फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस ही आडनावे घ्या. त्यांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. राजगडावर पद्मावती, संजीवनी व सुवेळा या तीन माच्या आहेत. पण त्यांच्या माथ्यावर उभा आहे तो बालेकिल्ला, म्हणजे 'बाला' हा फारसी शब्द आणि 'किल्ला' हा अरबी. माधव जूलियन फारसीचे अध्यापक. त्यांनी फारसी-मराठी कोश केला आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तकही लिहिले. त्या नावात 'विवेक' हा शब्द आहे. शब्द निवडून घेणे हा विवेक. आणि एखाद्या मुलाच्या घरची बोली त्याच्या तोंडातून ओढून काढणे हा नव्हे, एवढा भेद मला त्या दिवशी कळावयास हवा होता.

आता त्या मुलाच्या वाक्याकडे पुन्हा येतो. कारण मला खरी लाज वाटली ती येथेच. एके सकाळी स्नानसंध्या झाल्यावर मी ते वाक्य कागदावर लिहिले आणि एकेका शब्दाचे मूळ शोधू लागलो. 'मेरेकू नक्को गुरुजी, मैं कलीच पढ्या.' 'मैं' हा संस्कृत 'मया'पासून आला. 'मेरे' यात 'मम' आहे. 'कल' हा 'कल्य', म्हणजे प्रातःकाळ. 'पढ्या' यात 'पठ्' धातू. 'गुरु' शब्दाला तर पुरावाच नको. राहिले 'नक्को' आणि 'कली'ला जोडलेला 'च'. हे दोन्ही उत्तरेत सापडत नाहीत. ते आपल्या मराठीने दक्खिनी बोलीला दिलेले आहेत. 'नको' आणि निश्चयार्थी 'च'. साऱ्या वाक्यात अरबी वा फारसी शब्द एकही नाही!

मग मी माझे वाक्य लिहिले. 'खबरदार! वर्गात ही बाजारू भाषा चालणार नाही. जरा साफ बोल.' 'खबर' अरबी, 'दार' फारसी. 'बाजार' फारसी. 'जरा' अरबी. 'साफ' अरबी. ज्या खुर्चीवर बसून मी हे बोललो ती खुर्ची अरबी. समोरची हजेरी अरबी. ज्या शाईने त्या दिवशीची तारीख घातली ती शाई फारसी आणि तारीख अरबी. बाहेरून आलेली भाषा त्या वर्गात कोणी बोलत असेल तर ती मी बोलत होतो, आणि पाणिनीचे धातू बोलत होता तो शिंप्याचा मुलगा.

हे काही त्या बोलीचे एकट्या एका घरचे वैभव नव्हे. दक्खिनीत विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत काव्ये झाली. पैठणच्या एकनाथांनी हिंदु-तुर्क संवाद रचिला तेव्हा तुर्काच्या तोंडी ही बोली घातली, आणि दोघांना भांडवून अखेरीस आलिंगन देवविले. नाथांची पोथी आमच्या देवघरात आहे. तिची पूजा मी नित्य करीत आलो; ती वाचली असती तर अधिक बरे झाले असते.

चुकीची व्युत्पत्ती वहीत असली तर रेघ मारून सुधारता येते. माणसाच्या मनात घातलेली कशी सुधारावी? चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी एस. टी.ने भोरला गेलो. तो मुलगा, आता पन्नाशी गाठलेला गृहस्थ, तेथे बाजारपेठेत शिवणकामाचे दुकान चालवितो एवढे ठाऊक होते. विचारीत विचारीत दुकान सापडले. त्याने चष्म्यावरून पाहिले, ओळखले, यंत्रावरून उठला, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. ती खुर्ची पाहून मला क्षणभर बसवेना.

मी बसलो आणि जे सांगावयाचे ते सरळ सांगितले. तो दिवस, तो फळा, आणि ती चूक माझी होती हे. सोबत नेलेला कागदही दाखविला. त्याने तो कागद दोनदा वाचला. मला वाटले होते, तो म्हणेल, मी कधीच विसरलो. पण तो तसे म्हणाला नाही.

"इसरलो न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. "राग बी धरला न्हाई. तुमी शिकिवलेलं मराठी शुद्धलेखन अजून कामाला येतंय, दुकानाची पाटी मीच लिवलीया. पन एक झालं. माझ्या पोरांसंगं मी घरात मराठीच बोलत आलो. म्हनलं, उगाच त्यांना शाळंत कुनी हसाया नको. आई होती तवर तिच्याशी आपली बोली बोलायचो. ती गेली त्याला सा वर्सं झाली. आता घरात ती बोलाया कुनीच न्हाई."

मी काय बोलणार? मराठी त्याच्या मुलांची झाली याचा मराठी शिक्षकाला आनंद व्हावा. पण ती दुसरीला घराबाहेर काढून झाली, आणि दार उघडून दिले ते मी. या हानीची भरपाई कोणत्याही कोशात नाही. मी इतकेच म्हणालो, "तुझ्या आईची बोली इथलीच होती. नको म्हणायला ती आमच्याकडून शिकली, आणि खबर घ्यायला आम्ही तिच्याकडून. मुलांना हे सांग. माझे नाव घेऊन सांग."

तो काही वेळ गप्प राहिला. मग कागदाची घडी घालून त्याने ती यंत्राच्या खणात ठेविली. नंतर इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. भाटघरचे धरण भरले का, वेल्ह्याचा रस्ता कसा आहे, बरोबरीचे कोण कोण कोठे आहेत. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो, तेव्हा तो किंचित हसून, जणू परीक्षा पाहण्यासाठी, म्हणाला, "अबीच जाते क्या, गुरुजी?"

माझी जीभ क्षणभर अडखळली. मग म्हणालो, "नक्को. चाय पीकेच जाता."

त्या वेळी तो जो हसला, तसा मी त्याला सातवीच्या वर्गात, त्या दिवसाच्या आधी, पुष्कळदा पाहिला होता. चहा आला. आम्ही दोघांनी तो प्यालो आणि मी पुढच्या गाडीने परत आलो.

रात्री ओसरीवर पुतणीने विचारले, "अण्णाकाका, त्या हिंदुस्थानीचे उत्तर देणार होता ना?" मी तिला वर लिहिले आहे ते सारे सांगितले, फिरिश्ता, गिलख्रिस्ट, वर्धा आणि संविधान सभा. तिने टिपणे घेतली. शेवटी म्हणाली, "एवढे सगळे परीक्षेत नाही लिहिता यायचे. एका वाक्यात सांगा."

मी सांगितले, "हे नाव धर्माचे नव्हे, वस्तीचे आहे. जो येथे राहतो आणि येथलेच शब्द बोलतो, त्याची ती भाषा."

तिने ते लिहून घेतले. या वेळी मी 'हिंदु' आणि 'स्थान' यांच्यामध्ये अधिकाचे चिन्ह घातले नाही.